सीईए, नवस आणि वरचा मजला

कॅन्सर झाल्याचं कळलं की काय होतं हे सगळ्यांना माहितीय, निदान पिक्चर-सिरियल बघून तरी. ट्रीटमेंट संपल्यावर पुढं काय होतं हे मात्र कोण सांगत नाही, मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून लिहितोय. लांबण लागेल जरा, सांभाळून घ्या.

मी सांगलीचा, गावभागातला. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघतो. २०२३ च्या दिवाळीनंतर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मिरजेत. (आमच्याकडं कुणाला काय पण झालं की पहिली गाडी मिरजेलाच वळते, दवाखान्यांचंच गाव ते.) आतड्याचा उजवा भाग काढला, आसपासच्या लिम्फ नोड पण काढून तपासायला पाठवल्या, त्यातल्या दोनमध्ये कॅन्सरच्या पेशी निघाल्या, म्हणून स्टेज तीन आणि म्हणून केमो. एक दिवस ऑक्सॅलिप्लॅटिनची सलाईन, चौदा दिवस गोळ्या, आठवडाभर सुट्टी, की परत पहिल्यापासून. असं साधारण सहा महिने. ह्या ऑक्सॅलिप्लॅटिनची गंमत अशी की गार काही चालत नाही. फ्रीजच्या दाराला हात लागला तरी बोटांतून करंट जातो आणि गार घोट घेतला की घसा आवळतो. माझे शेवटचे डोस आले नेमके एप्रिल-मेमध्ये. सांगलीतला मे काय असतो ते सांगलीकरांना सांगायला नको. घरात सगळे माठातलं पाणी ढोसतायत आणि मी कोमट पितोय.

तरी पण ते दिवस सोपे होते असं आता वाटतं. खोटं वाटेल, पण खरंच. कारण काहीतरी चालू होतं. तारीख ठरलेली, सिस्टर ओळखीच्या, शेजारच्या बेडवर आटपाडीचे एक मामा असायचे त्यांच्याशी डाळिंबाच्या भावावर गप्पा, औषध अंगात जातंय म्हणजे तिकडं कॅन्सर मरतोय असं मनाला सांगता यायचं. जूनमध्ये शेवटचं सायकल संपलं, सीटी स्कॅन झाला, डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर तो खालीवर करून बघितला आणि म्हणाले, "आत्ता कुठं काही दिसत नाहीये. छान. तीन महिन्यांनी या." मी बसूनच राहिलो. मला वाटलं अजून एक वाक्य येईल, 'तुम्ही बरे झालात' असलं काहीतरी. ते काही आलं नाही. शेवटी बायकोनं विचारलं, "म्हणजे सर, गेला ना?" तर म्हणाले, "दिसत नाहीये, एवढंच मी आज खात्रीनं सांगू शकतो."

लई राग आला होता तेव्हा. एवढा पैसा, एवढा त्रास, आणि हा माणूस साधं 'हो' म्हणेना. घरी येईपर्यंत मी गाडीत एक शब्द बोललो नाही. घरी पेढे आणून ठेवलेले होते.

नंतर पुढच्या व्हिजिटला त्यांनीच नीट समजावलं. पेशी जर कुठं उरल्या असतील तर त्या इतक्या बारीक असतात की स्कॅनला दिसत नाहीत, स्कॅनला दिसायला त्यांची काही मिलिमीटरची गाठ व्हावी लागते. केमो दिली ती असल्या न दिसणाऱ्या पेशींसाठीच. ती लागू पडली का हे बघायचं आज तरी काही खात्रीचं साधन नाही, दिवस जातील तसं कळत जातं. परत आला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, जास्त करून लिव्हरला किंवा फुप्फुसाला, आणि म्हणून पाच वर्षं नजर ठेवायची. मी विचारलं, सापडला तर मग उपयोग काय शोधून? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. आतड्याच्या कॅन्सरचा लिव्हरवर किंवा फुप्फुसावर एखाददुसरा डाग लवकर सापडला तर काही जणांचा तो ऑपरेशन करून काढता येतो आणि त्यातले काही पुढं चांगले राहतात. परत आला म्हणजे खेळ खल्लास असं नेहमीच नसतं. हे ऐकल्यावर तपासणीची भीती गेली नाही, पण तपासणीला जायला कारण मिळालं.

तर सध्या असं आहे: सीईए नावाची रक्ततपासणी (कॅन्सर परत येत असेल तर हा आकडा बऱ्याचदा चढतो) पहिली दोन वर्षं तीन महिन्यांनी, मग पाच वर्षं होईपर्यंत सहा महिन्यांनी. छाती-पोटाचा सीटी वर्षातून एकदा तरी. कोलोनोस्कोपी (नळीच्या कॅमेऱ्यानं आतडं आतनं बघायचं) एका वर्षानं, ती चांगली आली तर मग तीन वर्षांनी, मग पाच. प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं म्हणे, हे माझं.

आता मधल्या दिवसांचं काय? ऑक्सॅलिप्लॅटिननं पायाची बोटं अजून बधिर आहेत, चप्पल पायातून निसटून मागं राहिलेली मला दोन पावलं चालल्यावर कळते, यार्डात हमाल हसतात आणि आणून देतात. त्याची भीती नाही वाटत, ते औषधाचं आहे हे माहितीय. भीती वाटते ती साध्या-साध्या गोष्टींची. उजव्या कुशीत कळ आली, लिव्हर. खोकला आला, फुप्फुस. वजन अर्धा किलो उतरलं, झालं. एकदा संध्याकाळी दुकानात भडंग आणलेली, चांगली तिखट, लसणाची, वरनं कच्चा कांदा. दोन मुठी जास्त खाल्ल्या आणि रात्रभर पोटात जी काय गुडगुड सुरू झाली, मी तीन वाजता उठून मोबाईलवर 'आतड्याचा कॅन्सर परत आल्याची लक्षणं' वाचत बसलो. त्यात जे जे लिहिलंय ते ते मला होत होतं. सकाळी गॅस सुटला आणि सगळं बरं वाटलं. हसा, मी पण हसतो आता.

ह्यावर डॉक्टरांनी एक हिशेब घालून दिला तो बरा पडतो. संडासातून रक्त, कावीळ, पोट फुगून उलट्या, असलं काही झालं तर लगेच फोन. बाकी कुठलंही नवीन दुखणं दोन आठवडे बघायचं, गेलं तर गेलं, नाही गेलं किंवा वाढत चाललं तर दाखवायचं. मी दुकानाच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं बारीक लिहितो, 'कूस उ.' आणि दोन आठवड्यांनी त्या तारखेला बघतो. बहुतेक वेळा कशाला लिहिलं होतं तेच आठवत नाही. मालकांना वाटतं कुणाच्या तरी उधारीची तारीख आहे.

पण खरी परीक्षा सीईएची. सीईए पाचच्या खाली असला की साधारण नॉर्मल म्हणतात. माझा १.९ आला, मग २.२, मग १.८. रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते आणि ती मी उघडत नाही. बायको उघडते, आधी तोंडानं सांगत नाही, आकडा दाखवते. २०२५ च्या गणपतीत आमची नेहमीची लॅब बंद होती, तारीख तर आलेली, म्हणून दुसरीकडं रक्त दिलं. रिपोर्ट आला ४.१. बायकोनं मोबाईल माझ्यापुढं धरला आणि स्वतः आत जाऊन मोदकाचं सारण हलवत बसली, ते आधीच झालेलं होतं.

आता माझं काम आकड्यांचं. क्विंटलला काय दर निघाला, मागच्या आठवड्यात काय होता, चढ किती, हे दिवसभर बघणारा माणूस मी. १.८ वरनं ४.१ म्हणजे दुपटीच्या वर, ह्याच चालीनं पुढच्या तीन महिन्यांत किती, हे मी उभ्या-उभ्याच काढलं. रात्री एक्सेलमध्ये घालून रेघ पण काढली. घरात पाहुणे, आरत्या चाललेल्या, पोरगी ढोल-ताशाच्या प्रॅक्टिसला, आणि मी प्रसादाचं ताट धरून त्या रेघेचा विचार करतोय. कुणाला सांगितलं नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मिरज गाठलं.

डॉक्टर म्हणाले, "पाचच्या आत आहे. लॅब वेगळी, मशीन वेगळं, मोजायची पद्धत वेगळी, एकाच दिवशी दोन लॅबला रक्त दिलं तरी आकडा वेगळा येऊ शकतो. आणि एका आकड्यावर मी काहीच ठरवत नाही, सलग चढत गेला तर बघतो." लिव्हरला सूज, पोटातली काही दुखणी, सिगारेट, ह्यानं पण सीईए वाढतो म्हणे. "महिन्यानं तुमच्या नेहमीच्या लॅबमधून परत करा." मी म्हटलं सर, सीटी काढूया की लगेच. ते म्हणाले काढता येईल, पण आज काढून काही दिसलं नाही तर तुम्हाला तेवढ्यानं झोप लागणार आहे का? मी गप्प.

तो महिना मी कसा काढला त्यावर वेगळं लिहावं लागेल. थोडक्यात सांगतो, जेवण गेलं, म्हणून वजन उतरलं, वजन उतरलं म्हणून अजून घाबरलो. बायको रात्री झोपल्यासारखं करायची आणि मी पण झोपल्यासारखं करायचो, आणि दोघांना पण ते माहिती असायचं. एकदा अंधारातच ती म्हणाली, "अहो, काय असेल ते असू दे, पण आकडा मनात धरून जेवायला बसू नका, मला भाजी घशाखाली उतरत नाही." तिची भीती माझ्यापेक्षा मोठी आहे हे मला तेव्हा कळलं. मला निदान अंग माझं आहे, दुखलं तर कळतं. तिला नुसतं माझ्या तोंडाकडं बघून ओळखायचं असतं. महिन्यानं २.० आला. नाचलो बिचलो नाही. दुपारी जेवून जो झोपलो तो दिवेलागणीला उठलो.

गावभागात राहणाऱ्याला खरं तर हे आकड्यावर नजर ठेवून जगणं जमायला पाहिजे. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या खोल्यांत माणूस बुडेल एवढं पाणी होतं, कपाटं तरंगत होती, आणि मग २०२१ ला परत. तेव्हापासून जुलै लागला की अख्खी गल्ली एकमेकाला एकच विचारते, "किती फूट?" कोयनेतनं किती सोडलं, अलमट्टीचं काय चाललंय, चौथीतलं पोरगं पण सांगतं. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. तिसाला कोण सामान हलवत नाही. अडतीसला गॅस सिलिंडर आणि कागदपत्रं वर जातात, आणि ४० च्या पुढं मग आईला मावशीकडं विश्रामबागला सोडून येतो. पाऊस पडला की लगेच घर रिकामं केलं असतं तर गावभागात आज कुणीच राहिलं नसतं. तर मी सीईएचं पण तसंच ठरवून टाकलं. पाचच्या आत आणि नेहमीच्या लॅबचा असेल तर सामान हलवायचं नाही. जमतं का दर वेळी? नाही. पण निदान ठरवलेलं आहे.

लोकांचं काय सांगू. "बरा झालास ना आता?" हा प्रश्न भाजी मंडईत, लग्नात, सलूनमध्ये. खरं उत्तर द्यायला लागलो तर समोरच्याचं तोंड उतरतं आणि मलाच त्याला धीर द्यायला लागतो. म्हणून 'हो, एकदम' म्हणतो आणि पुढं सरकतो. हळदीवाले तर वेगळेच. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, देशभर माल जातो, आणि हळदीच्या पेठेत बसून ह्याला कॅन्सर झालाच कसा हा यार्डातला आवडता विषय. केमो चालू असताना एका व्यापाऱ्यानं करक्युमिनच्या (हळदीतलाच घटक तो) कॅप्सूलचा डबाच आणून दिला. डॉक्टर म्हणाले आमटी-भाजीत रोज घालताय तेवढी घाला, कॅप्सूल न विचारता नको. तो डबा अजून आहे दुकानात.

आईचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं औदुंबरच्या दत्ताला नवस बोललेला, पोरगं बरं झालं की पायी येईन. आणि केमो संपल्यापासून तिचं एकच, "मग आता फेडायचा का?" आता हिला काय सांगू, की आई, पाच वर्षं थांब, तोपर्यंत बरा झालो असं धरता येत नाही? तेव्हा तिचं वय किती होईल, गुडघे आत्ताच गेलेत. आणि आत्ता फेडला आणि उद्या काही निघालं तर? मी हे खरंच डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत, म्हणाले आईंना विचारा, त्यांनी देवाला नेमकं काय सांगितलंय. विचारलं. आई म्हणाली, "ऑपरेशनातनं उठून घरी येऊ दे म्हटलं होतं. आलास की. पाच वर्षांचं मी कुठं बोललेय? ते लागलं तर वेगळं बोलेन." पायी काही जमलं नाही, जवळपर्यंत गाडी आणि शेवटचा तुकडा चालत, तो पण बसत-उठत. तिच्या दृष्टीनं विषय मिटला. मला हेवा वाटला तिचा.

दादाचं पण सांगून टाकतो, कारण हे उपयोगाचं आहे. आतड्याचा कॅन्सर झालेल्याच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीला, किंवा पेशंटला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करायची असते. मला ४७ ला निघाला, म्हणजे माझ्या पोरीनं ३७ ला. दादा तर पन्नाशी ओलांडलेला. त्याची कवठेमहांकाळला द्राक्षबाग आहे आणि त्याला छाटणी, डिपिंग, विरळणी, काही ना काही कायम असतंच. "आरं, मला काय झालंय?" शेवटी वहिनीनं धरून आणला. आदल्या रात्री ते खारट-गोड औषध लिटरनं प्यायला लावतात, त्यावरनं मला जी शिव्यांची लाखोली वाहिलीय. एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला आलेला कोंब, निघाला, तिथंच काढून टाकला. साधा होता, पण असलेच पॉलिप वर्षानुवर्षं राहिले तर त्यातल्या काहींचा कॅन्सर होतो. आता तोच भावकीत सगळ्यांना सांगत फिरतो, जणू शोध त्यानंच लावला.

माझ्या हातात काय आहे तर चालणं. हे कुणी नुसतं सांगितलं असतं तर मी कानाआड केलं असतं, पण २०२५ च्या जूनमध्ये चॅलेंज नावाच्या एका मोठ्या ट्रायलचे निकाल आले. केमो पूर्ण झालेले आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ पेशंट, निम्म्यांना माहितीपत्रक दिलं, निम्म्यांना ट्रेनर देऊन तीन वर्षं व्यायाम करायला लावला. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांतले शंभरात ९० जिवंत, दुसऱ्यांतले ८३. परत येण्याचं प्रमाण पण कमी. आकडा बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून आमराईत. बधिर पायांना बूट घट्ट बांधून. माझ्यामागं ट्रेनर नाही, बायको आहे, आणि ती ट्रेनरपेक्षा कडक आहे.

सगळ्यात जास्त अडलेलं ते वरच्या मजल्याचं. २०१९ नंतरच ठरलेलं, वर दोन खोल्या काढायच्या म्हणजे पूर आला तर सामान तरी वाचेल. मग २०२१, मग पैसे नाहीत, मग माझं आजारपण. आजारपणानंतर घरात एक न बोललेला नियमच झाला होता, पुढच्या रिपोर्टच्या पलीकडचं काही काढायचं नाही. पोरीच्या ॲडमिशनचं पण आम्ही "बघू" म्हणून बोलायचो. कर्ज पंधरा वर्षांचं. बँकेत फॉर्म भरताना कर्जाच्या विम्याचं पान आलं, त्यात कॅन्सर झालाय का हा रकाना, 'हो' लिहिलं, विमा नाकारला. साहेब चांगलं बोलले, पण पान बाजूला काढून ठेवलं ते माझ्या डोळ्यासमोर. घरी आलो आणि म्हटलं जाऊ दे, पाच वर्षं होऊ देत, मग बघू. मी असेन-नसेन, तुझ्या डोक्यावर कशाला कर्ज.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती वह्या तपासत होती. मान पण वर न करता म्हणाली, "तुम्ही असाल नसाल, पूर तर येणारच आहे की." आणि मग दोघांना पण एकदम हसू फुटलं, पोरगी आतनं बघायला आली काय झालं म्हणून. कर्ज तिच्या पगारावर, तिच्या नावानं काढलं, विमा पण तिचाच.

आता कॉलम वर आलेत, सेंटरिंगचं चाललंय. पावसाच्या आत स्लॅब पडला पाहिजे म्हणून कॉन्ट्रॅक्टरनं जी तारीख दिली ती नेमकी सीटीच्या आठवड्यात आली. मला आधी वाटलं सीटी पहिला करून टाकू, म्हणजे मग... पण म्हणजे मग काय? काही निघालं तर स्लॅब थांबवणार होतो का? सेंटरिंगचं भाडं तर चालूच. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले आठवडाभर इकडंतिकडं चालतं. तर स्लॅब आधी. सीटी त्याच्या पुढच्या सोमवारी, उपाशीपोटी, आठला मिरजेत. स्लॅबला पाणी मारायला त्या दिवशी दादा येणार आहे, त्याला म्हटलंय बागेचं काय असेल ते आदल्या दिवशी उरक आणि सहाला इथं हजर हो.